कागदी आळीतली मेंदी

पाऊस उघडून पंधरा-वीस दिवस झाले, की आमच्या सोसायटीतलं कुणी ना कुणी हातात एखादं पान घेऊन माझ्या दाराशी उभं राहतं. पान बहुधा कडेनं तपकिरी झालेलं असतं, मधून अजून हिरवं. शेतकी खात्यातून निवृत्त झालेला माणूस इमारतीत आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि फुकटचा वैद्य कुणाला नको असतो? मी चष्मा लावतो, पान उजेडाकडे धरतो, मागून-पुढून बघतो आणि विचारतो, "मुळाशी काय ओतता?" त्यांचा चेहरा पडतो. त्यांना बाटलीचं नाव हवं असतं. आपल्या वागणुकीची चौकशी झाली की माणसाला ते आवडत नाही, मग ती चौकशी झाडाच्या निमित्तानं का असेना.

हा प्रश्न मला पुस्तकानं शिकवलेला नाही. पुस्तकात पानांवरचे ठिपके होते, त्यांची चित्रं होती, कुठल्या ठिपक्याला कुठलं औषध याचे तक्ते होते. मी ते सगळे पाठ केले होते. पाठांतराच्या जोरावरच मला जुन्नरला नोकरी लागली. खाकी अर्धी विजार, सायकल, सायकलच्या मागे बांधलेला पितळी फवारणी पंप. पन्नास सालानंतरची चार-पाच वर्षं उलटली होती, आणि पंपवाल्या माणसाला तेव्हा खेड्यात डॉक्टरच्या खालोखाल मान होता. मी मूळचा आणे गावचा, कोरड्या पठारावरचा. आमच्या पठारावर झाड मेलं तर कुणी कारण शोधत बसत नसे. पाणी नव्हतं, मेलं. एवढ्यावर विषय संपायचा. त्यामुळे झाडांच्या मरणाला इतकी वेगवेगळी नावं असतात याचं मला फार अप्रूप वाटायचं, आणि ती नावं मोठ्यानं उच्चारायची हौसही फार.

तो आश्विन मला वासानं आठवतो. जुन्नरमध्ये मी ज्या आळीत खोली घेतली होती तिथे एके काळी घरोघर हातकागद व्हायचा. तिथली मंडळी मुसलमान, आडनाव कागदी, आणि त्यांनी केलेल्या कागदावर गावोगावचे भटजी कुंडल्या मांडायचे. यात कुणालाच काही विशेष वाटत नसे. मी गेलो तेव्हा मिलच्या कागदानं सगळ्यांचं दुकान उठवलं होतं, पोरं मुंबईच्या वाटेला लागली होती आणि आळीत कागदाचा एकच हौद चालू राहिला होता, कासमभाईंचा. तागाच्या जुन्या दोऱ्या, फाटकी गोणपाटं असलं काहीबाही ते चुन्याच्या पाण्यात कुजत घालत. तो ओला, आंबूस, किंचित झोंबणारा वास सकाळी खिडकी उघडली की आत यायचा. पाठोपाठ पायानं दाबायच्या लाकडी घणाचा आवाज. धप्प. मग थोडं थांबून पुन्हा धप्प. शिवनेरीच्या अंगावरचं गवत नुकतं पिवळं पडू लागलेलं, बाजरीची कणसं खळ्यावर आलेली, उन्हाला ती आश्विनातली टोचणी. त्या सगळ्याला तो आवाज मागून ताल धरायचा.

कासमभाईंच्या अंगणाच्या कडेनं मेंदीचं कुंपण होतं. छातीइतकं उंच आणि चांगलं चाळीस पावलं लांब. मेंदी हे तसं चिवट, बारमाही हिरवं झाड. शेळी तोंड लावत नाही, उन्हाला दाद देत नाही. पण पाऊस थांबला तशी ती कडेनं करपायला लागली. आधी शेंड्याची कोवळी पानं पिवळी, त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या. मग कडा तपकिरी. मग पान वळून चुरगळायचं आणि हात लावला की गळायचं. आठ-दहा दिवसांत निम्मं कुंपण चहाच्या चोथ्याच्या रंगाचं झालं.

एके दिवशी कासमभाई माझ्या खोलीच्या पायरीशी येऊन उभे राहिले. साठीचा माणूस, खांदे एका बाजूला झुकलेले, दाढी विरळ. "साहेब," ते म्हणाले, "तुमच्या पंपानं आमचं झाड बघाल का जरा? येरवी मी तुमास्नी तरास दिला नसता. पर पोरीचं लगीन हाय थंडीत."

झाडाचा आणि लग्नाचा संबंध मला कळेना. मग त्यांनी सांगितला. त्यांची बायको घोडेगावहून लग्न होऊन आली, तेव्हा माहेरच्या मेंदीचा एक मुळं फुटलेला फाटा मडक्यात घेऊन आली होती. हे चाळीस पावलांचं कुंपण त्या एका फाट्याचं. ती जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या घरात रीत अशी, की नवरीचा हात घरच्याच मेंदीनं रंगायचा आणि तिच्यासोबत एक फाटा सासरी जायचा. थोरलीबरोबर ओतूरला गेला, मधलीबरोबर खेडला. आता धाकटी जैबुन मंचरला द्यायची होती. "आखाडात फाटे लावले व्हते तिच्यासाठी," कासमभाई म्हणाले, "समदे वाळले. आता झाडच जातंय. मोकळ्या हातानं कशी लावून देऊ पोरीला?"

मी कुंपणापाशी गेलो. एक पान तोडलं, उजेडाकडे धरलं. करपलेल्या कडेवर मला दोन-चार काळसर ठिपके दिसले. ठिपका दिसला की माझ्या डोक्यातला तक्ता आपोआप उघडायचा. मेलेल्या पानावर बुरशी येतेच, ती मारेकरी नसते, मर्तिकाला आलेली असते, एवढं साधं मला कळत नव्हतं. मी गंभीर चेहरा केला आणि म्हणालो, "करपा आहे. बोर्डो मिश्रण मारावं लागेल."

"म्हंजी काय व्हतं त्ये?"

"मोरचूद आणि चुना."

कासमभाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं. "चुना?"

"हो, चुना. कळीचा."

"मंग आमचाच घ्या की. आमच्याकडं चुन्याला काय तोटा न्हाई."

त्यांनी आपल्याच रांजणातला चुना काढून दिला. मी मातीच्या दोन भांड्यांत दोन्ही वेगवेगळं कालवलं, मग एकत्र केलं, त्यात चाकूचं पातं बुडवून बघितलं. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असं समजायचं. थर आला. मी म्हणालो, "अजून चुना." कासमभाई वाकून बघत होते. "चुन्यानं गुण येतो व्हय झाडाला?" त्यांनी विचारलं.

"येतो तर!"

"मंग आमचं झाड लई गुणी निघाया पायजे व्हतं, राव," ते म्हणाले, आणि मी हसलो. मला वाटलं म्हातारा गंमत करतोय.

तेवढ्यात घराच्या दाराला लावलेल्या पडद्याआडून आवाज आला. जैबुनचा. मी तिला तोवर पाहिलं नव्हतं, लग्न ठरल्यापासून ती कुणापुढे येत नव्हती. "साहेब, पान कशाला बघताय येवढं? खाली माती बघा की."

कासमभाईंनी दाराकडे नुसती मान वळवली. पडदा गप्प झाला. मी मात्र गप्प बसलो नाही. हवेतून बुरशी कशी पसरते, पानाच्या रंध्रांतून आत कशी शिरते यावर मी अंगणात उभा राहून त्या पडद्याला पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. आज ते आठवलं की कानाच्या पाळ्या अजून गरम होतात. चोवीस वर्षांचा माणूस आणि पितळी पंप, दोघांतही हवा भरलेली.

फवारणी झाली. सगळं कुंपण फिकट निळं झालं. येणारेजाणारे थांबून बघायचे, एक-दोघांनी माझी पाठही थोपटली. मी रोजच्या डायरीत नोंद केली. पुढचे दहा दिवस मी दौऱ्यावर होतो, लेण्याद्रीच्या खालच्या शिवारात कांद्याची रोपं बघत. या दिवसांत तिथे सकाळी कुकडी नदीवरून धुकं उठतं आणि डोंगराच्या निम्म्यावर येऊन थांबतं. वरच्या लेण्यांची काळी तोंडं तेवढी दिसतात, डोंगर दिसत नाही. अशा सकाळी स्वतःबद्दल फार बरं मत होतं माणसाचं. मी परत आलो तेव्हा निळ्या पानांच्या जागी काड्या होत्या.

त्या सकाळी मी पहिल्यांदा अंगणाकडे नीट बघितलं. कासमभाई घणाखालचा लगदा टोपलीत घालून विहिरीच्या पाण्यानं धूत होते. टोपलीतून पांढरं पाणी गळत होतं. अंगणाला उतार होता. ते पाणी हळूहळू वाट काढत सरळ मेंदीच्या मुळाशी जात होतं आणि तिथे मुरत होतं. विहिरीच्या वरच्या अंगाला, जिथे ते पाणी पोचत नव्हतं, तिथली दोन झुडपं निळ्या पुटाखाली धडधाकट होती. ती आधीही तशीच होती. मी खुरपं मागून घेतलं आणि करपलेल्या झुडपाखाली खणलं. वीतभर खोलीपर्यंत माती पांढुरकी आणि कडक. पावसाळाभर चुना पाण्याबरोबर वाहून जात होता. पाऊस थांबला आणि तो तिथेच साचत गेला, मुळांचं तोंड बंद झालं. आणि मी वरून आणखी चुना मारला होता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, मी तर रेड्याला त्याचाच रोग पाजला होता.

"साहेब," कासमभाई टोपली खाली ठेवत म्हणाले, "त्या वरच्या अंगाच्या झाडाची पानं हायेत चांगली. धुवून वाटली तर चालंल का पोरीच्या हाताला?"

मोरचूद हे विष. ज्या हातानं पोरगी घास घेणार त्या हाताला ते कसं लावायचं? एक फवारा हलका मारला असता तरी पुढच्या पावसापर्यंत मी हो म्हणालो नसतो. होती-नव्हती ती दोन झुडपंही मीच बाद केली होती. मला लाज वाटली. ती लपवण्याइतकी अक्कल तेव्हा नव्हती, हे बरंच झालं. मी खाली मातीतच बसलो आणि सगळं सांगून टाकलं. माझं निदान चुकलं. पानं लावू नका. झाड तुमच्या चुन्याच्या पाण्यानं मरतंय.

कासमभाईंनी हात पुसले. "ठावं हाय," ते म्हणाले.

"ठाऊक होतं? मग मला कशाला बोलावलंत?"

"आधी आमी लगदा कुकडीवर न्हेऊन धूत व्हतो. जैबुन आन मी, दोघं दोन अंगाला टोपली धरून. लगीन ठरलं तवापासनं पोरगी भाईर जात न्हाई, आमच्यात तशी रीत हाय. येकट्यानं मला टोपली उचलत न्हाई आता. म्हनून अंगनात धुतो. पानी दुसरीकडं काडाया वाट न्हाई, भवती लोकांची घरं. धुतलं न्हाई तर हौद बंद. धुतलं तर झाड जातंय. मला वाटलं सरकारकडं येखादं औषध आसंल. दोन्ही जगंल आसं."

असं औषध नव्हतं. आजही नाही. नोकरीत आणि नंतर मिळून पंचेचाळीस वर्षं मी खतांच्या, औषधांच्या गोण्या आणि बाटल्या बघितल्या, पण त्या प्रश्नाला लागू पडेल अशी एकही बघितली नाही. दोन मरणाऱ्या गोष्टी समोर असताना माणूस तज्ज्ञाकडे जातो तो बहुतेक वेळा निदानासाठी जात नाही. कुठली सोडायची हे आपल्याला ठरवावं लागू नये, एवढ्यासाठी जातो. तज्ज्ञाला हे समजायला आयुष्य जातं.

लग्नाच्या दोन दिवस आधी मी सायकल काढली आणि पिंपरी पेंढारला गेलो. तिथे माझ्या मावशीच्या मळ्याला मेंदीचं कुंपण होतं. तिच्या सुनांनी पिशवीभर पाला ओरबाडून दिला. "कुनाच्या लग्नाला रं?" मावशीनं विचारलं. सांगितल्यावर म्हणाली, "मंग कोवळा न्हेऊ नगं, जून पाला ने. रंग धरतो." माझ्या सगळ्या घराण्यात झाडांचं कळणारी ती एकटीच असावी. परत येताना वारा समोरून होता, थंडी कानात शिरत होती, आणि पिशवीतल्या पाल्याचा उग्र हिरवा वास वाटभर सोबत होता.

पाला मी पडद्याबाहेरच ठेवला. आत बायकांची गडबड चालू होती, पाटावरवंट्याचा आवाज येत होता. कासमभाई मांडवाकडे गेले तसा पडदा जरासा हलला.

"साहेब."

"बोल, बाई."

"येक सांगते, आयका. अब्बा झाडासाठी हौद बंद करतील. करू देऊ नका. आमच्या आज्ज्यापासनं चालू हाय त्यो. अम्माचं झाड हाय म्हनून जीव तुटतो त्येंचा, मला ठावं हाय. पर झाड काय, गेलं तर जाऊ द्या. हौद न्हाई तर अब्बा दिवसभर काय करतील?"

मी म्हणालो, सांगतो. सांगितलंही. लग्न लागून पाहुणे गेल्यावर, दुसऱ्या दिवशी. कासमभाई म्हणाले, "मलाबी म्हनली जाताना. म्हनलं, ठेवतो बाई चालू." जैबुन मंचरला गेली होती ती पिंपरी पेंढारच्या मेंदीनं रंगलेले हात घेऊन, फाट्याशिवाय. रंग छान चढला होता असं बायका म्हणत होत्या.

पुढच्याच आठवड्यात आळीतला आवाज थांबला. काही दिवस माझ्या ते लक्षातही आलं नाही. सकाळी खिडकी उघडल्यावर काहीतरी कमी आहे असं वाटायचं, काय ते कळायचं नाही. मग एका सकाळी वासही आला नाही, तेव्हा कळलं. मी जाऊन बघितलं. हौद कोरडा, तळाशी पांढरा पोपडा. कागद उचलायची गवताच्या काड्यांची बारीक चटई गुंडाळून आढ्याला टांगलेली. कासमभाई कुंपणाशी उकिडवे बसून खुरप्यानं पांढरी माती काढत होते. मला बघून म्हणाले, "आता सांगा, काय करायचं त्ये."

त्या कामात मी चुकलो नाही, एवढं म्हणायला हरकत नाही. प्रत्येक काडीची साल नखानं खरवडून बघितली. आत ओलं हिरवं असेल तर ठेवायची, तपकिरी असेल तर छाटायची. निम्म्याहून जास्त छाटली. मुळाशेजारची माती घमेल्यांनी काढून आळीच्या टोकाला टाकली, तिच्या जागी कुजलेलं शेणखत आणि मळ्यातली काळी माती भरली. विहिरीचं पाणी भरपूर सोडलं, दोनदा, तीनदा, उरलेला चुना खाली जाईपर्यंत. झाडाला लोह मिळावं म्हणून थोडा हिराकस पाण्यातून दिला. उसाचं पाचट अंथरलं. मग वाट बघितली. माघ गेला. फाल्गुनात आळीच्या टोकाला शिमग्याची पोरं ओरडून गेली, तरी कुंपण म्हणजे नुसती काटक्यांची रांग. चैत्रात एका सकाळी बुंध्याशी तांबूस डोळे दिसले, आणि आठवड्यात सगळं कुंपण बारीक पानांनी भरलं. मला मनापासून आनंद झाला. डायरीत मी लिहिलं, 'रोग आटोक्यात. उपाय यशस्वी.' माझ्या वरच्या साहेबांनी त्यावर लाल शाईनं बरोबरची खूण केली.

कासमभाई तोवर पेठेत एका किराणा दुकानात पुड्या बांधायला बसू लागले होते. मिलच्या कागदात. मी दुकानावरून सायकलनं गेलो की ते हात वर करायचे. हात चपळ होते. पुडी बांधून झाली की ते कागदाची कड दोन बोटांत धरून एकदा चोळून बघायचे आणि मग गिऱ्हाइकाला द्यायचे. मीही एकदा साखर घेतली त्यांच्याकडून. दोघांपैकी कुणीच हौदाचं नाव काढलं नाही.

आखाडात त्यांनी फाटे लावले. भादव्यात त्यांतला एक चांगला धरला. हिरवागार, गाडग्यात. ते म्हणाले, "मंचरला चाललोय. तुमी येता का? तुमचंबी हाय त्यात." एसटीत त्यांनी गाडगं सगळी वाट मांडीवर धरलं होतं. नारायणगावला गाडी बराच वेळ थांबली, तर खाली उतरून त्यांनी फाट्याला ओंजळभर पाणी घातलं आणि स्वतः चहा प्यायचा विसरले.

जैबुनला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. उंच, सडपातळ, कपाळाला वडिलांसारख्याच आठ्या. तिनं पाणी दिलं, सासूबाईंची ओळख करून दिली आणि मग गाडगं हातात घेतलं.

"जगलं?"

"जगलं की!" कासमभाई म्हणाले. "ह्या साहेबांनी औषद दिलं. लई भारी. सरकारी." आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"आन हौद?"

"चालू हाय. काल तर ताव काडले मी."

गाडगं घेऊन ती अंगणात उजेडाला गेली. शेंड्याचं कोवळं पान बोटांवर घेऊन तिनं उलटं केलं, सुलटं केलं. मग कडेवरून बोट फिरवलं. त्या पानात काही खोट नव्हती. तो फाटा मी स्वतः निवडला होता. शिरा आणि मधली जागा एकसारखी हिरवी, कड साफ, चुन्याचा मागमूस नाही. ती बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिली, आणि तिला काय दिसतंय हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"कवा बंद केला, अब्बा?" तिनं विचारलं.

कासमभाईंनी कोनाड्यातलं खुरपं घेतलं आणि ते अंगणात उतरले.

"खड्डा कुठं घिऊ, त्ये सांग आदी," ते म्हणाले.